विल्यम ऑस्लर

सर विल्यम ऑस्लर (१२ जुलै १८४९ – २९ डिसेंबर १९१९) हे कॅनडात जन्मलेले चिकित्सक, विकृतिशास्त्रज्ञ, वैद्यकाचे अध्यापक आणि ग्रंथसंग्राहक होते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या चार संस्थापक प्राध्यापकांपैकी ते एक होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला व्याख्यानगृहातून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ नेण्याची शिक्षणपद्धती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. इन्फ्ल्यूएंझा, फुप्फुसदाह, विषमज्वर, हिवताप आणि हृदयाच्या अंतःस्तराचा दाह या रोगांची त्यांनी केलेली लक्षणवर्णने अनेक दशके प्रमाण मानली गेली. इन्फ्ल्यूएंझानंतर उद्भवणाऱ्या ज्या उपद्रवांविषयी त्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांपैकीच एकाने त्यांचा मृत्यू झाला.

बालपण आणि शिक्षण

ऑस्लर यांचा जन्म आजच्या ऑन्टारिओ प्रांतातील बाँड हेड या लहानशा वस्तीत झाला. वडील फेदरस्टोन लेक ऑस्लर हे इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याचे. ब्रिटिश नौदलातील नोकरी सोडून ते अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि पत्नी एलेन यांच्यासह कॅनडाच्या जंगलपट्टीत स्थायिक झाले. विल्यम हे त्यांच्या धाकट्या अपत्यांपैकी एक होते. १८५७ मध्ये हे कुटुंब डंडास या गावी राहण्यास गेले.

मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती आणि १८६७ मध्ये विल्यम त्याच हेतूने टोरांटोच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. मात्र शाळेत असतानाच डब्ल्यू. ए. जॉन्सन या शिक्षकाने त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली होती. जॉन्सन स्वतः धर्मोपदेशक होते, तरी तळ्यातले पाणी, शेवाळे आणि जीवाश्म विद्यार्थ्यांना दाखवण्यात ते रमत. पुढे जेम्स बोव्हेल या डॉक्टरांचा सहवास लाभला आणि १८६८ मध्ये ऑस्लर यांनी धर्मशास्त्र सोडून वैद्यकाचा मार्ग धरला. १८७० मध्ये ते माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले व १८७२ मध्ये तेथून पदवीधर झाले. जॉन्सन, बोव्हेल आणि मॅकगिलमधील पामर हॉवर्ड या तिघांना ते अखेरपर्यंत आपले गुरू मानत.

पदवीनंतरची सुमारे दोन वर्षे त्यांनी लंडन, बर्लिन व व्हिएन्ना येथे घालवली. बर्लिनमध्ये रूडोल्फ फिरखो यांचे शवविच्छेदन त्यांनी जवळून पाहिले. लंडनमध्ये जॉन बर्डन सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना रक्तातील बिंबाणूंचे, म्हणजे आज आपण प्लेटलेट म्हणतो त्या कणांचे, त्यांनी केलेले निरीक्षण १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. या कणांवरील अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक आहे.

माँट्रिऑल

१८७४ मध्ये ऑस्लर मॅकगिल विद्यापीठात अध्यापक म्हणून परतले. पगार तुटपुंजा असल्याने त्यांनी माँट्रिऑल जनरल रुग्णालयातील देवीच्या विभागाची जबाबदारी घेतली. तेथे त्यांना स्वतःला देवीची सौम्य बाधा झाली. मिळालेल्या पैशांतून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक खरेदी केले, असे सांगितले जाते.

या दशकातील त्यांचे खरे काम शवविच्छेदनगृहात झाले. माँट्रिऑलमधील वर्षांत त्यांनी एक हजाराच्या आसपास शवविच्छेदने केली आणि त्यांच्या नोंदी स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या. जिवंतपणी रुग्णाच्या छातीवर ठोकल्यावर कसा आवाज आला होता, स्टेथोस्कोपमधून काय ऐकू आले होते आणि आता फुप्फुस उघडल्यावर प्रत्यक्षात काय दिसते, यांचा मेळ घालण्याची सवय त्यांना इथे लागली. छातीत साठलेला पू जिवंतपणी ओळखला गेला नव्हता, हे शवविच्छेदनाच्या टेबलावरच कळल्याचे प्रसंग त्या काळात विरळा नव्हते. पुढे विद्यार्थ्यांना ते चुकलेल्या निदानांच्या गोष्टी मोकळेपणाने सांगत. त्यांत त्यांच्या स्वतःच्या चुकाही असत.

फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर

१८८४ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिकित्सा वैद्यकाचे प्राध्यापकपद मिळाले. १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी हृदयाच्या अंतःस्तराच्या घातक दाहावर गूलस्टोनियन व्याख्याने दिली. या रोगात बोटांच्या टोकांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

१८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले तेव्हा ऑस्लर तेथे मुख्य चिकित्सक म्हणून रुजू झाले. विल्यम वेल्च, विल्यम हॉलस्टेड व हॉवर्ड केली हे त्यांचे सहकारी होते. वैद्यकीय महाविद्यालय मात्र १८९३ मध्ये उघडले. तोपर्यंत अमेरिकेतील बहुतेक विद्यार्थी एकाही रुग्णाला नीट न तपासता डॉक्टर होत. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना विभागातील रुग्ण नेमून दिले. रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेणे, त्याचे लघवी, रक्त व कफ तपासणे आणि रोजचा फरक लिहून ठेवणे ही कामे विद्यार्थ्यांची झाली. पदवीनंतर काही वर्षे रुग्णालयातच राहून शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांची व्यवस्थाही येथेच आकाराला आली. आपल्या थडग्यावर काही लिहायचेच असेल तर विद्यार्थ्यांना रुग्णकक्षात शिकवले एवढेच लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

१८९२ मध्ये त्यांनी ग्रेस रिव्हियर ग्रॉस यांच्याशी विवाह केला. पहिले मूल जन्मानंतर लवकरच दगावले. १८९५ च्या डिसेंबरात जन्मलेला एडवर्ड रिव्हियर हा त्यांचा एकुलता मुलगा.

पाठ्यग्रंथ

द प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन हा ऑस्लर यांचा पाठ्यग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी एकट्याने लिहिला होता. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व चिनी भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही १९४७ पर्यंत नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. प्रत्येक रोगाचे कारण, शरीरात होणारे बदल, लक्षणे, उपद्रव आणि भवितव्य या क्रमाने केलेली मांडणी सुबोध होती. उपचारांचे भाग मात्र आखूड असत, कारण जे औषध उपयोगी पडल्याचे दिसत नाही त्याची शिफारस करायची नाही असा लेखकाचा बाणा होता. यावरून त्यांच्यावर उपचारांबाबत नास्तिक असल्याची टीका झाली.

या उणिवेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी १८९७ च्या उन्हाळ्यात हा जाडजूड ग्रंथ वाचून काढला. गेट्स डॉक्टर नव्हते. रोगांचे वर्णन इतके अचूक आणि इलाज मात्र इतके थोडे, हे पाहून संशोधनासाठी स्वतंत्र संस्था हवी असे त्यांना वाटले. त्यातून १९०१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. न्यूमोकॉकस जीवाणूच्या विशिष्ट प्रकारावर चालणारा रक्तरस याच संस्थेच्या रुग्णालयात तयार झाला आणि १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतील इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू वेगळा केला तोही याच संस्थेत.

इन्फ्ल्यूएंझा आणि फुप्फुसदाह

ग्रंथाचे लेखन चालू असतानाच १८८९–९० ची इन्फ्ल्यूएंझाची जागतिक साथ युरोपातून अमेरिकेत पोहोचली होती. त्यामुळे या रोगाचे प्रकरण जुन्या पुस्तकांतून उतरवलेले न राहता ताज्या अनुभवावर आधारलेले झाले. एकाएकी भरणारी थंडी, डोकेदुखी, पाठ व हातपाय ठणकणे आणि तापाच्या मानाने कितीतरी अधिक असणारा गळाठा ही या रोगाची सर्वसामान्य ओळख. पुढच्या आवृत्त्यांत श्वसनमार्गाची, मज्जासंस्थेची, पचनमार्गाची लक्षणे ठळक असणारे आणि केवळ ताप असणारा असे त्याचे प्रकारही दिलेले आढळतात. ताप उतरल्यावर दीर्घकाळ रेंगाळणारी अशक्तता आणि मनाची खिन्नता यांचीही तेथे दखल घेतली आहे.

ऑस्लर यांनी सर्वाधिक भर दिला तो एका मुद्द्यावर. साध्या इन्फ्ल्यूएंझाने माणूस सहसा मरत नाही, मृत्यू ओढवतात ते उपद्रवांमुळे आणि त्यांत फुप्फुसदाह सर्वांत पुढे असतो. हा फुप्फुसदाह नेहमीच्या खंडीय फुप्फुसदाहासारखा वागत नाही, त्यामुळे तो चुकण्याची शक्यता अधिक. खंडीय फुप्फुसदाहात एकदम हुडहुडी भरते, कुशीत कळ येते, गंजाच्या रंगाचा बेडका पडतो आणि बहुधा आठवडाभरात ताप अचानक उतरून रोगी सावरतो. इन्फ्ल्यूएंझानंतरचा फुप्फुसदाह मात्र पुष्कळदा हळूहळू पसरतो, फुप्फुसात ठिकठिकाणी त्याचे ठिपके असतात आणि रोग कोणत्या दिवशी उलटला हे सांगता येत नाही. वृद्धांमध्ये तर खोकला व ताप दोन्ही नाममात्र असू शकतात. रोगी केवळ मलूल किंवा भ्रमिष्ट दिसतो. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्यात छाती तपासल्याशिवाय खाटेपासून दूर होऊ नये, हा धडा यातूनच येतो.

फुप्फुसदाहाला त्यांनी मृत्यूच्या सैन्याचा सेनापती ठरवले होते. ही उपमा त्यांची स्वतःची नव्हती. सतराव्या शतकातील लेखक जॉन बन्यन यांनी ती क्षयासाठी वापरली होती. ऑस्लर यांच्या काळात फुप्फुसदाह क्षयाच्या बरोबरीला येऊन पोहोचला होता, म्हणून त्यांनी तो मान त्याला दिला. दुसरीकडे, वृद्धांना दीर्घ यातनांतून सोडवणारा म्हणून त्याला म्हाताऱ्यांचा मित्रही म्हटले. ही उक्ती आज अनेकदा संदर्भ सोडून वापरली जाते.

फुप्फुसदाहाचा आणखी पुढचा उपद्रव म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या दोन आवरणांमधील पोकळीत पू साठणे. त्याला एम्पायेमा म्हणतात. ताप उतरून रोगी बरा होत आहे असे वाटत असतानाच ताप पुन्हा चढू लागतो, रात्री घाम फुटतो, वजन घटते. छातीच्या त्या बाजूवर ठोकल्यास दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज येतो आणि श्वासाचा ध्वनी क्षीण होतो. शंका आल्यास सुई घालून पाहणे हाच निर्णायक मार्ग होता. बरे वाटल्यानंतर पुन्हा बिघडणे हे आजही तीव्र इन्फ्ल्यूएंझातील धोक्याचे मोठे चिन्ह मानले जाते. त्याखेरीज धाप लागणे, छातीत सतत दुखणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी किंवा गोंधळलेली अवस्था ही लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठावे लागते. अगदी लहान मुले, पासष्टीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि हृदय, फुप्फुस किंवा मधुमेहाचे जुने रुग्ण यांना या उपद्रवांचा धोका अधिक असतो.

रोगाचे कारण मात्र ऑस्लर यांच्या हयातीत उमगले नाही. १८९२ मध्येच बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांनी रुग्णांच्या कफात सापडलेला एक सूक्ष्म जीवाणू इन्फ्ल्यूएंझाचे कारण असल्याचे जाहीर केले आणि वैद्यकविश्वाने ते बहुतांशी स्वीकारले. वस्तुतः हा जीवाणू मागाहून शिरकाव करणाऱ्यांपैकी होता. मूळ रोग विषाणूचा आहे हे १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. फायफर यांच्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात इन्फ्ल्यूएंझा हा शब्द आजही टिकून आहे आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ उडवतो.

ऑक्सफर्ड

१९०५ मध्ये ऑस्लर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे रीजियस प्राध्यापक झाले. बाल्टिमोर सोडताना केलेल्या भाषणात त्यांनी साठीनंतरच्या माणसांच्या निरुपयोगीपणाविषयी एका कादंबरीचा आधार घेऊन थट्टा केली. वृत्तपत्रांनी ती अक्षरशः घेतली आणि मोठे वादळ उठले. १९११ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. नॉरहॅम गार्डन्स येथील त्यांचे घर विद्यार्थी व पाहुण्यांसाठी सदैव खुले असे. वैद्यकाच्या इतिहासावरील जुने ग्रंथ जमवण्याचा छंद याच काळात वाढला.

पहिल्या महायुद्धाने हे सुख हिरावून घेतले. तोफखान्यात अधिकारी असलेला रिव्हियर ३० ऑगस्ट १९१७ रोजी बेल्जियममध्ये जखमी अवस्थेत मरण पावला. अखेरच्या तासांत त्याच्याजवळ असलेल्या अमेरिकन शल्यचिकित्सकांत वडिलांचे तरुण स्नेही हार्वे कुशिंग हेही होते. त्यानंतर ऑस्लर कामात गुंतून राहिले, परंतु पूर्वीसारखे सावरले नाहीत असे त्यांच्या निकटवर्तीयांचे निरीक्षण आहे. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्ल्यूएंझाच्या भयंकर साथीने जगभर कोट्यवधी माणसे दगावली. या साथीत धडधाकट तरुणांचे ओठ व चेहरे काळेनिळे पडून काही दिवसांत मृत्यू येई.

अखेरचे आजारपण

ऑस्लर यांना श्वासनलिकांच्या दाहाचा त्रास पूर्वीपासून अधूनमधून होत असे. जुलै १९१९ मध्ये त्यांची सत्तरी मोठ्या सन्मानाने साजरी झाली. सप्टेंबरअखेरीस ते उत्तरेकडे गेले असता रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि त्यांना थंडीत मोटारीने लांबचा प्रवास करून ऑक्सफर्डला परतावे लागले. घरी पोहोचले ते आजारी होऊनच. सर्दी, ताप आणि अनावर खोकल्याच्या उबळी सुरू झाल्या. दुखणे इन्फ्ल्यूएंझाचे आणि त्यानंतरच्या फुप्फुसदाहाचे मानले गेले.

ऑस्लर यांनी आपल्या आजाराकडे विभागातील एखाद्या रुग्णाकडे पाहावे तसे पाहिले. खोकला केव्हा येतो, किती वेळ टिकतो, ताप कसा चढउतार करतो याची वर्णने ते मित्रांना पत्रांतून कळवत. त्यांत विनोदही असे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुशीत तीव्र कळ आली, म्हणजे फुप्फुसावरण सुजले होते. काही तासांनी खोकल्याच्या एका जोरदार उबळीबरोबर ती कळ एकदम नाहीशी झाली. एकमेकांना चिकटलेली आवरणे फाटून सुटली असावीत, हा अर्थ त्यांनी स्वतःच लावला. शेजारी बसलेल्यांना ती सुधारणा वाटली असेल. वेदना थांबणे म्हणजे रोग हटणे नव्हे, हे रुग्णाला मात्र माहीत होते.

घटना पुढे त्यांनी शिकवलेल्या क्रमानेच घडत गेल्या. ताप पूर्णपणे उतरेना, शक्ती खालावत गेली आणि छातीत पू साठला. डिसेंबरात सुईने द्रव काढण्यात आला, नंतर शस्त्रक्रिया करून पू बाहेर काढावा लागला. आपण या रुग्णावर दोन महिने लक्ष ठेवून आहोत आणि त्याचे शवविच्छेदन पाहायला आपण नसू याची खंत वाटते, असे त्यांनी या काळात बोलून दाखवल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. २९ डिसेंबर १९१९ रोजी रक्तस्राव होऊन त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार शवविच्छेदन करण्यात आले.

निदान चुकले म्हणून ते दगावले असे म्हणता येत नाही. रोग ओळखला गेला होता आणि त्याची वाटचालही ठाऊक होती. जीवाणूंवर चालणारे औषध मात्र अस्तित्वात नव्हते. पेनिसिलिनचा माणसावरील पहिला पद्धतशीर वापर १९४१ मध्ये झाला, तोही ऑक्सफर्डमध्येच, रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात.

टीका आणि पुनर्मूल्यांकन

ऑस्लर यांच्या भोवती दीर्घकाळ भक्तिभावाचे वलय राहिले. अलीकडे त्यांच्या वांशिक मतांची चिकित्सा झाली आहे. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातील भारतीय स्थलांतरितांना कॅनडाने प्रवेश नाकारला, त्या सुमाराच्या एका भाषणात त्यांनी कॅनडा हा गोऱ्यांचा देश राहावा या भूमिकेचा पुरस्कार केला होता. २०२० मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकातील एका लेखाने याकडे लक्ष वेधले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. एगर्टन यॉरिक डेव्हिस या टोपणनावाने संपादकांना खोटे वैद्यकीय वृत्तांत पाठवण्याच्या त्यांच्या खोडीकडे एकेकाळी केवळ गंमत म्हणून पाहिले जाई. आजचे वाचक तिच्याकडेही तितक्या सौम्य नजरेने पाहत नाहीत.

मृत्यूनंतर

हार्वे कुशिंग यांनी लिहिलेले ऑस्लर यांचे दोन खंडांतील चरित्र १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ऑस्लर यांनी सुमारे आठ हजार ग्रंथांचा आपला संग्रह मॅकगिल विद्यापीठाला दिला होता. त्याची सूची पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. १९२९ मध्ये माँट्रिऑलमध्ये ऑस्लर ग्रंथालय उघडले. त्यांच्या अस्थी याच ग्रंथालयात त्यांच्या पुस्तकांच्या सान्निध्यात ठेवल्या आहेत.